खालच्या थरातले आंबे

हेदवीला येणारी बहुतेक माणसं दोन गोष्टी बघून परत जातात: दशभुज लक्ष्मीगणेश आणि समुद्रावरची बामणघळ. दोन्ही बघण्यासारख्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. मी मात्र या गावात सून म्हणून आले आणि राहिले, त्यामुळे मला तिसरीही एक गोष्ट बघायला मिळाली. इथली माणसं माया करताना कुणाला दिसू नये म्हणून केवढी खटपट करतात!

मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे माया मोठ्या आवाजात होते. ताटात पोळी पडायच्या आधी ‘घ्या की, घ्या की’चा गजर होतो, आणि नको म्हणणाऱ्याचा हात धरून वाढलं जातं. इथे माणूस आंब्यांची पिशवी पडवीत आणून टेकवतो आणि म्हणतो, ‘जास्तीचे होते, नासले असते.’ जास्तीचे नसतात. निवडून आणलेले असतात. हे कळायला थोडा काळ जावा लागतो.

कोकण रेल्वेची पूर्ण मार्गावरची गाडी २६ जानेवारी १९९८ ला धावली, त्याच्याही आधीचं माझं लग्न. म्हणजे बघायला सवड भरपूर मिळाली. जे उमगलं ते लिहून ठेवते आहे. आकडे घातलेत ते मुलीच्या आग्रहावरून. माझ्या डोक्यात हे सगळं एकात एक गुंतलेलं आहे.

१. कष्ट ठाऊक नसतील तर कौतुक वरवरचं होतं

शहरातल्या मराठी घरात आमसुलांची बरणी असतेच. आमटीत दोन टाकली की संपलं. ती बरणी इथे कशी भरते ते सांगते. एप्रिल सरता सरता रातांबे पिकायला लागतात. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाखाली पुन्हा पुन्हा जावं लागतं. रातांबे धुवायचे, फोडायचे, बिया आणि गर बाजूला काढून त्याला मीठ लावायचं, रस सुटू द्यायचा. सालं उन्हात. संध्याकाळी ती वाळत आलेली सालं त्याच रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. सासूबाई अशी सहा-सात पुटं द्यायच्या. दर पुटाला साल आणखी काळी आणि आणखी आंबट होत जाते. हे सगळं करायचं नेमकं मे महिन्यात, वळवाचा पाऊस न सांगता येतो तेव्हा. अंगणात सालं पसरलेली असली की घरातल्या प्रत्येकाचा एक कान आभाळाकडे असतो. गडगडलं की जेवणारा उष्ट्या हाताने धावतो.

बियाही टाकत नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळून त्यांचं तेल काढतात. ते थिजलं की त्याचा पांढरट गोळा वळतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो जरा गरम करून भेगांवर फिरवायचा. माझ्या इथल्या पहिल्या थंडीत एका रात्री तो गोळा माझ्या उशाशी आला. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत. माझ्या टाचा त्यांनी कधी पाहिल्या, देव जाणे.

आता पाहुणे बरणी घेताना म्हणतात, ‘काकू, आमसुलं छान आहेत हो.’ सासूबाई मान हलवतात, झालं. आमच्या थोरल्या वन्सं मात्र झाकण उघडून एक आमसूल बोटांत दाबून बघतात आणि विचारतात, ‘यंदा पाऊस आधी आला होता ना? पुटं कमी पडलीत.’ परक्याला ही खोड काढल्यासारखी वाटेल. पण त्यावर सासूबाई अर्धा तास बोलतात. कुठल्या दिवशी गडगडलं, कुणी सालं उचलली, कुणी नुसतंच बघत उभं राहिलं, मग चुलीवरच्या मांडणीवर ती कशी सुकवली, सगळं. वन्संनी ‘छान’ म्हटलेलंच नसतं, आणि सासूबाई दिवसभर खुशीत असतात.

२. पेटीचा खालचा थर वाचायला शिका

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, मुंबईच्या दिरांना आणि पुढे पुण्याला माझ्या मुलीला आंब्यांची पेटी पाठवायचे. पेटी भरण्याचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. हापूस झाडावर पिकवून काढत नाहीत, हे निदान कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट उतरवायचं, चीक सालीला लागू द्यायचा नाही, मग पेंढ्यावर अढी घालायची. अढीत आंबा आठ-दहा दिवसांत पिवळा होतो, पण सगळे एका दिवशी होत नाहीत. दादा रोज अढीजवळ बसायचे, एकेक फळ उचलून वास घ्यायचे, कूस बदलून परत ठेवायचे. डागाळलेलं बाजूला. ज्याच्यात साका निघेल असा संशय, तेही बाजूला. बाजूला काढलेले आंबे आम्ही खायचो. इथे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला बागेतला चांगला आंबा सहसा येत नाही, हे बागायतदाराच्या घरचं जुनं सत्य आहे.

पेटी भरताना दादा तीन थर करत. तळाला कडक हिरवी फळं, मध्ये रंग धरलेली, वर उद्या-परवा खायची. थरांच्या मध्ये पेंढा. विकायच्या पेटीत असं करत नाहीत. तिथे माल एकसारखा लागतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाजारातल्या पेट्यांवर त्याचा शिक्का दिसू लागला. घरच्या पेटीवर शिक्का नाही, पण ती भरताना पलीकडच्या घरात खाणारी तोंडं किती, त्यातलं लहान मूल कोण, सून नोकरीवरून किती वाजता येते आणि पाहुणे कधी यायचेत, एवढा सगळा हिशेब झालेला असतो. पेटी रात्रीच्या गाडीला देऊन आले की दुसऱ्या दिवशी दादा फोन करत. ‘पोचली का’ नव्हे, तर ‘वरचे आज खा. मधल्यांना शनिवारपर्यंत हात लावू नका. खालचे मी सांगेन तेव्हा.’ आणि पुढच्या आठवड्यात खरोखर फोन यायचा, ‘आता खालचे काढा.’

मुलगी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीला लागली होती, तिघी मैत्रिणी एका खोलीत राहत होत्या. तिने दादांना एकदा फोनवर सांगितलं, ‘दादा, खालच्या थरातले तुम्ही सांगितलेल्या दिवशी तयार झाले. एकही कडक नव्हता आणि एकही गळला नव्हता.’ पेटीबद्दल ती एवढंच बोलली. दादांनी फोन ठेवला आणि संध्याकाळी पाखाडीवर भेटेल त्याला, कुणी विचारलेलं नसताना, सांगत सुटले, ‘पुण्याला एकही कडक निघाला नाही हो.’

३. कुरकुरीकडे कान द्या, पण डोळे हाताकडे ठेवा

‘एवढ्या उन्हाचं कुणी सांगितलं होतं यायला?’ म्हणत माणूस कोकमाचं सरबत ढवळत असतो. ‘तुमची ही पोरं कधी वेळेवर जेवायची नाहीत’ म्हणत आई पेजेचं पातेलं निखाऱ्यावर ठेवून बसलेली असते. सुरुवातीला मला वाटायचं, या घरात सगळे एकमेकांवर चिडलेले आहेत. तसं नसतं. कुरकूर ही इथे कामाच्या जोडीने चालते, दळताना ओवी चालायची तशी. ज्या दिवशी कुरकूर बंद होऊन माणूस अदबीने बोलायला लागतो, त्या दिवशी काळजी करावी.

४. वेळ काढून दिलेली वेळ ओळखा

बामणघळ म्हणजे उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकाला पडलेली अरुंद भेग. भरतीचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने आत घुसतं आणि कोंडी झाली की फवाऱ्यासारखं उंच उसळतं. पण भरती असेल तरच. ओहोटीला आलेला पाहुणा खडक बघतो आणि ‘एवढंच?’ म्हणून परत जातो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीलाही फारसा जोर नसतो. खरी घळ बघायची तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण हवं.

आमच्या घरी हे, म्हणजे माझे यजमान, फार बोलणारे नाहीत. पण कुणी नातेवाईक यायचं ठरलं की हे भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’समोर पेन्सिल घेऊन उभे राहतात. तिथीला पाऊणने गुणायचं, की ढोबळ मानाने भरतीचा तास येतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. दशमी असेल तर साडेसात. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्याचंच हे गणित. कोळ्यांना ते पाठच असतं. हे त्या-त्या तारखेच्या चौकोनात बारीक आकडे लिहितात आणि मग जेवणाची वेळ त्याप्रमाणे बदलतात. पाहुण्यांना वाटतं, या घरात आज जेवण लवकर आटोपलं. चौकोनातला तो आकडा कुणी वाचत नाही.

आमचा पुण्याचा भाचा एकदा कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मामा, हे दुधाचे आकडे नाहीत. हे काय?’ झालं. यांनी त्याला खडूने ओटीवर चंद्र, पृथ्वी आणि समुद्र काढून दाखवले. जेवायची पानं मांडली, तरी शिकवणी चालूच. आता तो भाचा निघायच्या आधी फोन करून विचारतो, ‘मामा, कुठल्या तिथीला येऊ?’ मोबाइलवर भरतीच्या वेळा मिनिटासकट मिळतात, आणि ते दोघांनाही माहीत आहे.

५. मनीऑर्डरच्या चिठोऱ्यांवरही मजकूर असायचा

शेजारच्या वाडीत एक आजी होत्या. त्यांचे यजमान परळला गिरणीत. कोकणातल्या घरोघरीची ही गोष्ट आहे. माणूस मुंबईला, पैसे टपालाने, भेट गणपतीला आणि शिमग्याला. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक लहानशी पट्टी असे, दोन-तीन ओळी मावतील एवढी. पोस्टमन पैसे मोजून देई आणि ती पट्टी फाडून हातात ठेवी. पोच म्हणून घेतलेला अंगठा किंवा सही उलट पाठवणाऱ्याकडे जाई. म्हणजे नवऱ्याची अक्षरं इकडे आणि बायकोचा अंगठा तिकडे, एवढाच दर महिन्याचा व्यवहार.

आजींनी त्या सगळ्या पट्ट्या तारेला टोचून ठेवल्या होत्या. स्वतःला वाचता येत नसे. नातवंडं वाचून दाखवायची, मीही वाचल्यात. प्रेमाचं एक अक्षर नाही. ‘पडवीचे नळे पावसाआधी परतून घेणे.’ ‘फणसाला राखण ठेवणे.’ ‘खोकल्याचे औषध पाठवले आहे, रात्री घेणे.’ सगळं असं आज्ञार्थी. पण खोकल्याचं औषध पाठवलंय, म्हणजे मागच्या माणसाबरोबर आलेला निरोप नीट ऐकलेला आहे. नळे परतायचं लिहिलंय, म्हणजे परळच्या खोलीत झोपून हा माणूस आपल्या घराच्या गळक्या जागा मोजतोय. आजींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. औषधाची पट्टी नेमकी कुठली, ते त्या तारेवरून न वाचता, बोटाने काढून दाखवत.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या मनीऑर्डरी थांबल्या. आजी सांगत, तारेला नवीन पट्टी लागेना. मग त्यांनी मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काही ना काही पाठवायला सुरुवात केली. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकी मासळी. निरोप एकच, ‘इथे ठेवून कीड लागेल.’ उलट दिशेने गेलेल्या या सामानाची पट्टी कुठे नाही. त्या संपाबद्दल मी बरंच वाचलंय. राजकारण, मालक, युनियन, जमिनी, सगळं त्यात आहे. कोकणातून गेलेल्या तांदळाच्या गाठोड्यांबद्दल मात्र एखादं वाक्य असतं. माझ्या मते त्यावर एक अख्खं पुस्तक व्हायला हवं.

६. गोष्टीतला उपदेश बाजूला ठेवून हात बघा

साने गुरुजींचं पालगड आमच्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत आम्हाला तिचं तात्पर्य विचारायचे, आणि आम्ही पायाची घाण, मनाची घाण असं घडाघडा सांगायचो. मला आता ती गोष्ट वेगळीच दिसते. उपदेश नंतर आहे. त्याआधी, घरात ढीगभर काम पडलेलं असताना, त्या बाईने लुगड्याचे ओचे दगडावर पसरले आणि पोराला त्यावर पाय ठेवू दिले. हट्ट चुकीचा आहे हे माहीत असूनही आधी पुरवला. तात्पर्य मोठ्या माणसांच्या कामाचं असेल. श्यामच्या लक्षात जन्मभर राहिलं ते पायाखालचं लुगडं असावं, असा माझा अंदाज.

७. ‘घरच्या माणसांचे आभार कसले’ हे मला पटत नाही

आमच्या यांचं हे आवडतं वाक्य, आणि अर्ध्या कोकणाचं. त्यात एक सोय आहे. आभार मानायचे नाहीत म्हटलं की लक्ष ठेवायचीही गरज उरत नाही.

मुलीने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०१८ मध्ये तो ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी लोकांना आपल्यासाठी काही केलेल्या माणसाला आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि विचारलं, पत्र वाचून त्याला काय वाटेल? लिहिणाऱ्यांचा अंदाज असा की वाचणाऱ्याला जरा अवघडल्यासारखं होईल. वाचणाऱ्यांना विचारलं, तर ते अंदाजापेक्षा कितीतरी कमी अवघडले होते आणि कितीतरी जास्त आनंदले होते. म्हणजे संकोच बहुतेक सगळा बोलणाऱ्याच्याच पोटात असतो.

हे मी यांना वाचून दाखवलं. ‘ती अमेरिकेतली माणसं,’ यांनी निकाल दिला. त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. सासूबाईंना मी उद्या समोर बसून ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’ म्हटलं, तर त्या आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील. पण याचा अर्थ गप्प बसायचं असा नाही. इथे तिरकं बोलावं लागतं. त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसाशी, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं. शेजारच्या काकू आल्या की मी माजघरातून मुद्दाम म्हणते, ‘सांदणं मला आईंसारखी नाही जमत. माझी कडेला चिरतात.’ आतून लगेच उत्तर येतं, ‘फणसाचा रस पातळ घेतेस तू. किती वेळा सांगितलं!’ काकू हसतात. निरोप पोचलेला असतो.

दुसरा उपाय, मागून घेणे. मागणं हे इथे सगळ्यात मोठं कौतुक. मुलगी येण्याआधी फोन करून आजीला ‘ओल्या काजूंची उसळ हवी’ म्हणते. ओला काजू सोलणं म्हणजे हाताची सालं काढून घेणं; सालीतला चीक इतका जळजळीत की तेल चोळून बसलं तरी बोटं काळी पडतात. मी तिला दटावलं, ‘आजीला त्रास कशाला?’ तर सासूबाई माझ्यावरच उखडल्या, ‘तिने मागायचं नाही तर कुणी मागायचं?’

८. एका चहाचं पुराण लावू नका

हा मुद्दा मुलीला फारसा आवडला नाही, पण तो मला लिहायचाच आहे. लहान लहान गोष्टींचं कौतुक करा म्हणतात, तेव्हा ते कुणाच्या लहान गोष्टींचं, हेही बघावं. घरातल्या पुरुषाने एकदा चहा केला की तो चहा आठवडाभर गाजतो. पाहुण्यांना सांगितला जातो, फोनवर सांगितला जातो. त्याच घरात वर्षानुवर्षं पहाटे उठून बंब पेटवणारीचं नाव निघत नाही, कारण ते रोजचं. रोजचं म्हणजे न दिसणारं.

आमच्या गणपतीला दहा हात आहेत, डाव्या मांडीवर लक्ष्मी आहे, मूर्ती पांढऱ्याशुभ्र दगडाची. बघून खाली आलेले पाहुणे आमच्याकडे जेवायला बसले की एखादा हटकून म्हणतो, ‘वहिनी, तुम्हालाही दहाच हात दिसतायत!’ मी पूर्वी हसायचे. आता म्हणते, ‘नाही हो, दोनच आहेत. तुमचे दोन मोकळे असतील तर ताटं उचला.’ बहुतेक जण उचलतात. एक-दोघांनी भांडीसुद्धा घासली, आणि त्यांचं कौतुक मी मुद्दाम केलं नाही.

९. मजुरी आणि माया यांचा हिशेब वेगळा ठेवा

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. कौलं उडाली, आगरातल्या पोफळी मोडल्या, झाडावर राहिलेला आंबा जमिनीवर आला, वीज गेली. आमच्याकडे वर्षानुवर्षं आगराचं शिंपण बघणारा वाडीतला माणूस वारा पुरता थांबायच्या आत हजर. स्वतःच्या घराचा पत्रा उडालेला. त्याने आधी गोठ्यातली गाय सोडवून पडवीत आणून बांधली, मग सासूबाईंना माजघराच्या कोरड्या कोपऱ्यात बसवलं, आणि मग आपल्या घराकडे गेला.

पुढे कौलं चढवायचं काम त्यानेच केलं, आणि त्याची मजुरी त्याने ठरल्याप्रमाणे, एक रुपया न सोडता घेतली. यांना ते जरा लागलं. मला ते अगदी बरोबर वाटलं. कौलं हे त्याचं काम होतं, गाय नव्हती. गाईचे पैसे देऊ केले असते तर तो चिडला असता, आणि कौलांचे दिले नसते तरी चिडला असता. यांनी मग योग्य ते केलं. त्याच्या घरावर पत्रे चढले त्या दिवशी हे सकाळपासून तिथे शिडी धरून उभे होते. शिडी धरण्यापलीकडे यांना त्यातलं काही येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने दिवसभर यांना हटकलं नाही.

१०. थकलेल्या हातातलं काम काढून घेऊ नका

सासूबाई आता फार थकल्या. आमसुलांची पुटं मी देते, अढी हे लावतात. मुलांना वाटतं, आजीने आता स्वस्थ बसावं. स्वस्थ बसवलं की त्या दोन दिवसांत आजारी दिसायला लागतात. ज्या माणसाने आयुष्यभर कामातूनच माया केली, त्याच्या हातातलं काम काढून घेतलं तर तो बोलणार कशाने?

म्हणून बिरड्याचे वाल मी त्यांच्यापुढे ठेवते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाबायचा, की साल सुटून डाळिंबी बाहेर येते. पूर्वी परातभर वाल त्या बोलता बोलता सोलून टाकायच्या. आता बोटांत जोर नाही. दुपार जाते, आणि बऱ्याच डाळिंब्या सालीसकटच वाटीत पडतात. मी त्या परत निवडत नाही. निवडताना त्यांनी बघितलं, तर संपलंच.

परवा असंच बिरडं झालं. हे जेवता जेवता दातात आलेली सालं गुपचूप ताटाच्या काठाला लावत होते आणि भात पुन्हा मागून घेत होते. सासूबाईंनी आपल्या पाटावरून विचारलं, ‘काय रे, सालं राहिली का?’

‘छे, कुठे?’ हे म्हणाले.

‘मग ती काठाला कसली आरास मांडलीयस?’

बोटं गेली, पण नजर शाबूत आहे त्यांची.